चेरी टोमॅटो आणि हाताचा गुण



तत्त्वज्ञानाच्या माणसाने टोमॅटोवर काय बोलायचं, असा प्रश्न समोरच्या काही चेहऱ्यांवर आम्हाला दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या घरांतून एक वाक्य फार ऐकू येतं, "आमच्या हाताला झाडच लागत नाही." शेजारणीबद्दल बरोबर उलट बोललं जातं, "तिच्या हाताला गुण आहे, काडी खोचली तरी फुटते." आता हे वाक्य नीट ऐका. झाड जगलं किंवा मेलं हे कार्य, आणि माणसाचा हात हे त्याचं कारण, असा त्यात दावा आहे. कार्यकारणाचा दावा कानावर पडला की तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला गप्प बसवत नाही. तेव्हा आज आपण घरच्या कुंडीत चेरी टोमॅटो कसा वाढवायचा ते पाहू, आणि पाहता पाहता या दाव्याचीही परीक्षा करू.

चेरी टोमॅटोच का घेतला? एक तर बी पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांत पहिलं फळ हातात येतं. कोय लावून आंब्याची वाट पाहायची तर कितीतरी वर्षं थांबावं लागेल. दुसरं म्हणजे हे रोप बोलकं आहे. पाणी, ऊन, खत, हवा यांत काहीही कमी-जास्त झालं की ते पानांवर, फुलांवर, फळांवर लगेच दाखवतं. कारणांचा अभ्यास करायला असा सोबती बरा.

त्याची थोडी ओळख करून घेऊ. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातला, आजच्या पेरू-इक्वेडोरच्या बाजूचा. मेक्सिकोत त्याची शेती रुजली. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल' या शब्दावरून त्याचं नाव आलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे पोचला. विदर्भात त्याला 'भेदरं' म्हणतात. वांगी, बटाटा, मिरची ही त्याचीच भावंडं. लहान फळ ही टोमॅटोच्या जंगली पूर्वजांची मूळ ठेवण. बाजारातला मोठा टोमॅटो माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत घडवला. चेरी टोमॅटोचं फळ साधारण १० ते २० ग्रॅमचं. फळ लहान, म्हणून लवकर पिकतं आणि कुंडीतल्या रोपाला ते पेलवतं.

आता कारणांकडे येऊ. महायान बौद्ध परंपरेत शालिस्तंब नावाचं एक सूत्र आहे. शालि म्हणजे भात, स्तंब म्हणजे त्याचं रोप. भाताच्या रोपाच्या निमित्ताने त्यात कार्यकारणाचा विचार मांडला आहे. बीजापासून अंकुर येतो हे खरंच. पण बीज एकटं पुरत नाही. पृथ्वी, पाणी, तेज, वायू, आकाश म्हणजे मोकळी जागा, आणि ऋतू, अशा सहा गोष्टी जुळून याव्या लागतात. त्यात आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे, की यांपैकी कुणालाही 'हा अंकुर मी घडवतो आहे' असं वाटत नसतं. पाण्यालाही नाही, मातीलाही नाही. ही गोष्ट जरा बाजूला ठेवा, शेवटी लागेल. आधी या सहा गोष्टी आपल्या कुंडीत उतरवू. क्रम आम्ही सोयीने बदलतो.

पहिला ऋतू. टोमॅटोला फळ धरायला दिवसा २१ ते ३० अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. दिवसाचा पारा ३५च्या वर जाऊ लागला की परागकण निकामी होतात. फुलं येतात आणि देठापासून गळून पडतात. रात्री पारा १२-१३च्या खाली उतरला तरी फळ धरणं मंदावतं. आता पुण्याचा विचार करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप आणून लावलं तर ते ऐन एप्रिल-मेमध्ये फुलावर येणार. फुलं गळणार. आणि घरात म्हणणार, हाताला झाड लागत नाही! त्यापेक्षा गणपतीच्या सुमारास बी पेरावं, नवरात्राच्या सुमारास रोप मोठ्या कुंडीत हलवावं, दिवाळीच्या आसपास फुलं दिसतात आणि मार्गशीर्षात फळं खायला मिळतात. मुंबई-कोकणात हिवाळ्याच्या रात्री उबदार असतात, त्यामुळे तिथे हा हंगाम आणखी सोयीचा.

दुसरं तेज, म्हणजे ऊन. रोज निदान सहा तास थेट ऊन पाहिजे. 'आमच्याकडे उजेड भरपूर आहे' याने भागत नाही. उजेड वेगळा, ऊन वेगळं. इथे थोडा भूगोल कामाला येतो. पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेअठरा अंशांवर आहे. डिसेंबरअखेरीस भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतवर येतं. तोच सूर्य मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो आणि नंतर काही आठवडे थोडा उत्तरेलाही कलतो. तेव्हा त्याच बाल्कनीत वरच्या मजल्याची स्लॅब ऊन अडवते. म्हणजे एकच जागा हिवाळ्यात चालते आणि उन्हाळ्यात चालत नाही. म्हणून कुंडी ठेवण्याआधी सुटीच्या एका दिवशी दर दोन तासांनी ऊन कुठवर येतं तिथे खडूने खूण करा. एवढ्याने अर्धा प्रश्न सुटतो.

तिसरं आकाश, अर्थात जागा. चेरी टोमॅटोचे दोन स्वभाव असतात. काही जाती दोन-तीन फुटांवर थांबतात आणि झुडपासारख्या राहतात. काही वेलासारख्या सहा-सात फूट वाढत जातात. बियांच्या पाकिटावर पहिल्यांना डिटर्मिनेट आणि दुसऱ्यांना इनडिटर्मिनेट म्हटलेलं असतं. झुडपी जातीला आठ-दहा लिटरची कुंडी पुरते. वेलासारख्या जातीला १५ ते २० लिटरची हवी, निदान एक फूट खोल. एका कुंडीत एकच रोप. वाढत्या जातीला लावतानाच बांबूची काठी रोवा आणि सुतळीने सैलसर बांधत जा. पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटवे येतात, ते कोवळे असतानाच बोटांनी खुडा, म्हणजे हवा खेळती राहते. झुडपी जातीचे फुटवे मात्र खुडू नका, तिची फळं त्यांवरच येतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट. ओल्या मातीची मोठी कुंडी २० किलोच्या आसपास जाते. गच्चीवर मधोमध गर्दी न करता कुंड्या भिंतीच्या कडेने, विटांवर ठेवा.

चौथी पृथ्वी, म्हणजे माती. पुण्याची काळी माती शेतात कितीही नामी असली तरी कुंडीत ती चिकटते, पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. एक भाग लाल माती, एक भाग चांगलं मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड, एवढं पुरे. बी मात्र आधी लहान ट्रेमध्ये किंवा कागदी कपात पेरायचं, जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. पाच ते दहा दिवसांत उगवतं. चार-पाच खरी पानं आली की ते मोठ्या कुंडीत हलवायचं. हलवताना खालची पानं काढून खोडाचा बराचसा भाग मातीत पुरायचा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे रोप भक्कम होतं. मिरची-वांग्याचं रोप असं कुणी पुरत नाही, म्हणून लोक इथे बिचकतात. बिचकू नका.

पाचवं पाणी आणि सहावा वायू, यांचा विचार जोडीने करावा लागतो. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडी हवा, थोडं पाणी, असं असलं तर मुळं जगतात. सतत पाणी घालून पोकळ्या भरून टाकल्या तर मुळं गुदमरतात. कुंडीच्या तळाला छिद्रं हवीतच. तळात खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी वरचा थर पुरता भिजेपर्यंत खालच्या जाड खडीत उतरत नाही. त्यामुळे चिखल तळाऐवजी खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रावर माती वाहू नये म्हणून एखादी खापरी ठेवली तर हरकत नाही.

पाणी किती घालायचं? 'रोज एक तांब्या' हे उत्तर चुकीचं आहे, कारण त्यात ऊन, वारा, कुंडीचा आकार, रोपाचं वय, काहीच धरलेलं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर थांबा. कोरडं लागलं तर सकाळी, तळातून पाणी येईपर्यंत सावकाश घाला. वर पालापाचोळ्याचं आच्छादन द्या.

वायूचं आणखी एक काम आहे. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, दुसऱ्या झाडाची गरज नसते. पण पराग पुंकेसराच्या नळीत कोंडलेले असतात. ते बाहेर पडायला फूल हलावं लागतं. उघड्यावर हे काम वारा करतो, किंवा मोठे काळे भुंगे फुलाला लटकून अंग थरथरवतात तेव्हा होतं. काचा लावलेल्या बंद बाल्कनीत वाराही नाही आणि भुंगाही नाही. तिथे सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसाच्या देठावर बोटाने हलकी टिचकी मारा. फळं धरतील.

राहिलं बीज. पाकिटावर एफ-१ किंवा संकरित लिहिलेलं असेल तर त्या फळांतलं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देईल असं धरू नका. देशी, सरळ वाणाचं बी मात्र ठेवता येतं, कारण टोमॅटो बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतो. पिकलेल्या फळाचा गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, म्हणजे बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. ते उगवण रोखून धरतं. मग धुऊन, सावलीत वाळवून कागदात ठेवायचं.

इथपर्यंत कृती झाली. आता खरी अडचण. एवढं करूनही एके दुपारी रोप मान टाकतं. तुम्ही काय करता? झारी उचलता. शंभरातले नव्वद जण हेच करतील, आणि इथेच न्यायशास्त्र आपल्या कामाला येतं.

तुमचं अनुमान असं आहे: पानं झुकली आहेत, म्हणून पाणी कमी आहे. नैयायिक विचारेल, जिथे जिथे पानं झुकतात तिथे तिथे पाणी कमीच असतं का? तर नाही. पाणी कमी असलं तर पानं झुकतात. पाणी जास्त झालं, मुळं गुदमरली, त्यांना पाणी ओढून घेता येईना, तरीही पानं झुकतात. माती ओली असून रोप तहानलेलं, असा प्रकार. कडक उन्हात पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या वेगापेक्षा वाढला तरी झुकतात, आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. मर रोगाच्या जंतूंनी खोडातल्या नळ्या तुंबल्या तरी झुकतात. जी खूण परस्परविरोधी ठिकाणी सापडते तिला न्यायशास्त्र सव्यभिचार हेतू म्हणतं. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग सिद्ध कशाने होतं? धूर आणि आगीचं जुनं उदाहरण आठवा. धुरावरून आग ओळखता येते. पण आगीवरून धूर ओळखता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं असावं लागतं. या लपून राहिलेल्या अटीला उपाधी म्हणतात. आपल्या अनुमानातली उपाधी कोणती? कोरडी माती. पानं झुकली आहेत आणि मातीही कोरडी आहे, तरच पाणी कमी. म्हणून आधी बोट, मग झारी.

माती ओली असेल आणि सकाळीही पानं झुकलेलीच असतील, तर पाणी थांबवा, छिद्रं तुंबली आहेत का ते पाहा. माती ठीक असून हिरवंगार रोप दोन-तीन दिवसांत एकाएकी लुळं पडलं, तर बुंध्याजवळून खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लोंबता धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग. मग रोप मातीसकट काढून टाकायचं, ती माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरचीला वापरायची नाही.

हेच इतर खुणांचं. पानं वळली म्हणजे रोग, असंही सरळ म्हणता येत नाही. उन्हाच्या तडाख्याने खालची पानं वळतात, पण ती जाड आणि हिरवी राहतात, शेंडा वाढत असतो. तिकडे दुर्लक्ष करा. शेंड्याचीच पानं बारीक, पिवळट, वर वळलेली निघाली आणि रोप खुरटलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात. त्यावर औषध नाही. रोप काढून टाकायचं आणि शेजारच्या रोपांजवळ पिवळे चिकट कागद लावायचे. माजल्यासारखी हिरवी पानं आणि फूल एकही नाही, तर नत्राचं खत जास्त झालं आहे. फळं तडकतात, तेव्हा बहुधा बरेच दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी घातलेलं असतं. फळाचं बूड काळं पडतं, ते रोपाच्या त्या भागाला चुना म्हणजे कॅल्शियम पोचलं नाही म्हणून. पण मातीत तो नसतो असं नाही, बऱ्याचदा पाणी अनियमित असतं म्हणून तो वर चढत नाही. अंड्याची टरफलं टाकून लगेच फरक पडत नाही, ती फार सावकाश विरघळतात.

हे इतकं बारकाईने का सांगतो आहोत? कारण चेरी टोमॅटो कुणी चिरून, शिजवून खात नाही. नातवंडं झाडावरून तोडतात आणि सरळ तोंडात टाकतात. निदान न करता दुकानातून आणलेलं जहाल औषध फवारलं, तर ते कुणाच्या पोटात जाणार? पांढरी माशी किंवा मावा खरोखर दिसला, तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालून फवारायचं. फळं धुऊन खायची. आणि एका वेळी एकच बदल करायचा. पाणी कमी केलं, खत घातलं, कुंडी हलवली, फवारणी केली, सगळं एकाच रविवारी. मग रोप सुधारलं तर कशाने सुधारलं? ते असताना हे होतं, ते नसताना होत नाही, असं दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. दोन रोपं लावा, एकात बदल करा, दुसरं तसंच ठेवा.

आता हाताच्या गुणाकडे या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तसं हे आहे. फुलं एप्रिलच्या उन्हाने गळली, पण शेवटचा हात सुनेचा लागला होता. दोष सुनेच्या हाताला. पाळीच्या दिवसांत बाईने झाडाला हात लावला की झाड जळतं, असं आजही काही घरांत सांगतात आणि मुलींना कुंडीपासून दूर ठेवतात. मंडळी, हेही अनुमानच आहे, आणि वर सांगितलेल्या एकाही कसोटीवर ते टिकत नाही. इतर दिवसांत हात लावलेली रोपं मरत नाहीत का? त्या दिवसांत हात लावलेली जगत नाहीत का? रोपाचं नुकसान बी पेरून भरून निघतं. मुलीच्या मनात आपल्या हाताविषयी जे बसतं, ते इतक्या सहज भरून निघत नाही.

गंमत अशी, की हातामुळे टोमॅटोला रोग होण्याचा एक खरा मार्ग विज्ञानाला माहीत आहे. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि तंबाखू मळलेल्या किंवा विडी-सिगारेट हाताळलेल्या बोटांनी तो टोमॅटोच्या रोपावर जाऊ शकतो. म्हणून साबणाने हात धुऊन मगच रोपाला हात लावावा. पण तळहातावर तंबाखू मळणाऱ्या गृहस्थाला 'कुंडीपासून लांब राहा' असं कुणी बजावल्याचं आमच्या ऐकिवात नाही. बजावलं जातं ते कुणाला, हे आपण पाहिलंच.

मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट आता घेऊ. पाण्याला वाटत नाही की अंकुर मी घडवला. आपल्याला मात्र दोन्हीकडून वाटतं. फळ आलं की 'माझ्या हाताला गुण', गेलं की 'माझा हात वाईट'. सहा कारणांच्या यादीत हाताचा उल्लेखच नाही. हाताचं काम त्या सहा गोष्टी जुळवून आणण्याचं. ते काम शिकता येतं, सत्तराव्या वर्षीही शिकता येतं, आणि त्याला कुणाचाही हात चालतो.

तेव्हा येत्या गणपतीत प्रत्येकाने दोन रोपांपुरतं बी पेरा. कुंडीशेजारी एक वही ठेवा. तारीख, ऊन किती वाजेपर्यंत होतं, बोटाला ओल लागली का, एवढ्या तीन नोंदी रोज करा. वहीत घरातल्या सगळ्यांचं अक्षर असू द्या. प्रश्न असतील तर आता विचारा; आम्ही इथेच आहोत.